‘फायर’ला मराठी प्रतिशब्द एकच नाही

इंग्रजी ‘फायर’ आणि संस्कृत ‘अग्नि’ अर्थाने जवळचे असले, तरी व्युत्पत्तीने एका घराण्यातले नाहीत. ‘फायर’चा सगोत्र ग्रीकमधील ‘पूर्’ होय. मूळच्या ‘प’चा जर्मानिक भाषांत ‘फ’ झाला. ‘पितृ’ आणि ‘फादर’ यांतील संबंध तोच. ‘अग्नि’चा सगोत्र लॅटिन ‘इग्निस्’. त्या लॅटिन शब्दकुळातून ‘इग्निशन’ इंग्रजीत आला, आणि पामबीच मार्गावरचा मोटारचालक किल्ली फिरवताना अग्नीच्याच भाऊबंदाचे नाव घेतो.

आद्य इंडो-युरोपीय भाषेत हे दोन्ही शब्द होते. एक निर्जीव वस्तूचा, नपुंसकलिंगी. दुसरा सचेतन शक्तीचा, असे अनेक अभ्यासक मानतात. मराठीचा व्यवहार पाहता हा भेद मला पटतो. प्राकृत ‘अग्गि’तून आलेली ‘आग’ स्त्रीलिंगी, तत्सम ‘अग्नी’ पुल्लिंगी. पण फरक केवळ लिंगाचा नाही. चितेला आपण अग्नी देतो, आग लावत नाही. गोदामाला आग लागते, अग्नी लागत नाही. चुलीत विस्तव असतो, रानात वणवा पेटतो. कोशात हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसतात, वाक्यात बसत नाहीत. (बेलापूर पट्टीतल्या ‘आगरी’ शब्दात मात्र आग शोधू नये, तेथे ‘मिठागरा’तले ‘आगर’ आहे.)

प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा असता तर परीक्षेपुरता पुरला असता. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यात प्राण गमावलेल्या जवानांच्या स्मरणार्थ ‘अग्निशमन सेवा दिन’ पाळतात. पण आग लागली की लोक ‘बंब बोलवा’ असेच ओरडतात. हा ‘बंब’ पोर्तुगीज ‘बोंबा’ म्हणजे पंप. उसना असूनही तो आज अस्सल मराठी आहे. त्याला अशुद्ध ठरवणे मला मान्य नाही.

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात रसायनांच्या टँकरवर ‘ज्वालाग्राही’ असे लिहिलेले आढळते. इंग्रजीतही ‘इनफ्लेमेबल’मधील ‘इन’ काहींना नकारार्थी वाटे, म्हणून सूचनाफलकांवर ‘फ्लेमेबल’ रूढ करण्यात आले. ‘ज्वालाग्राही’ रसायनशास्त्राच्या पुस्तकात योग्यच आहे. फलकावर मात्र त्याच्या आधी, त्याहून मोठ्या अक्षरांत ‘लगेच पेट घेते’ असे लिहावे.