नदीची वहिवाट

नदीच्या पात्रात उभी असलेली रिकामी गाडी, तिला जुंपलेले घोडे, डाव्या हाताला जुनं कौलारू घर, काठावर कुत्रं आणि वर ढगांनी भरलेलं आभाळ. ‘द हे वेन’ हे चित्र इंग्लंडमध्ये कॅलेंडरांपासून बिस्किटांच्या डब्यांपर्यंत कुठेही भेटतं. जॉन कॉन्स्टेबलने १८२१ साली ते लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलं, तेव्हा त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. तीनच वर्षांनी पॅरिसमध्ये मात्र फ्रान्सच्या राजाकडून त्याला सुवर्णपदक मिळालं!

चित्रातलं ते घर आजही आहे. सफक परगण्यातल्या ईस्ट बर्गहोल्ट गावाच्या पायथ्याशी, स्टूर नदीच्या काठावर फ्लॅटफर्ड नावाची वाडी आहे. एक पाणचक्की, दोनचार घरं, एक लाकडी पूल; संपली वाडी. वरचं गावही मोठं मजेशीर. चर्चचा मनोरा अर्धवट राहिला म्हणून १५३१ साली घंटांसाठी आवारातच एक लाकडी खोपटं बांधलं, ते अजून तसंच आहे. तिथे दोर ओढत नाहीत, वजनदार घंटा हातांनीच हलवतात.

या चित्रांकडे पाहून लोक ‘काय ती खेड्यातली शांतता’ म्हणून उसासे टाकतात. पण कॉन्स्टेबलने रंगवला तो घरचा धंदा होता. फ्लॅटफर्डची चक्की त्याच्या वडिलांची. चक्कीतलं पीठ सपाट तळाच्या नावांतून खाली मिस्टलीच्या बंदरात जायचं आणि तिथून वडिलांच्याच जहाजातून लंडनला. परतताना नावा कोळसा आणायच्या. चित्रकलेच्या शिक्षणाला जाण्यापूर्वी हा मुलगा वर्षभर चक्कीत राबला होता. वाऱ्याकडे आणि ढगांकडे पाहण्याची नजर त्याला तिथेच आली असावी. वारा आणि पाऊस यांचा हिशेब चुकला तर चक्कीवाल्याचं नुकसान ठरलेलं.

नदीसुद्धा आपोआप वाहती राहिलेली नव्हती. १७०५ साली, राणी ॲनच्या कारकिर्दीत, पार्लमेंटने कायदा करून स्टूर नौकानयनासाठी खुली केली. सडबरी ते मॅनिंगट्री सुमारे ३८ किलोमीटरचा हा जलमार्ग. पाण्याची पातळी जिथे बदलते तिथे ‘लॉक’ बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव पायरी चढल्यासारखी वर किंवा उतरल्यासारखी खाली. दोन-दोन नावा एकमेकींना जोडून काठावरचा घोडा त्या ओढत नेई. काठाची वाट मात्र मध्येच या तीरावरून त्या तीरावर जायची. मग घोड्याने नावेच्या टोकावर उडी मारायची, पलीकडे उतरायचं आणि पुन्हा ओढायला लागायचं! वाटेतली कुंपणंही त्याला उडी मारूनच ओलांडावी लागत. १८२५ च्या ‘द लीपिंग हॉर्स’ या चित्रातली उडी अशाच एका कुंपणावरची आहे. तो शर्यतीचा घोडा नव्हे, कामावरचा.

‘हे वेन’मधली गाडी पाण्यात का उभी, यालाही एक रोखठोक उत्तर सांगतात. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड आकसतं, लोखंडी धाव सैल होते. चाक भिजवलं की ती घट्ट बसते. आपल्याकडच्या बैलगाडीवाल्यांना ही युक्ती सांगायला नको.

१८४९ मध्ये सडबरीला आगगाडी आली आणि नावांचा धंदा आटत गेला. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मन चाल करून येतील या धास्तीने उरलेल्या कित्येक नावा सडबरीजवळ मुद्दाम बुडवल्या गेल्या. लॉकची दारं कुजली, गाळ साचला. नदी दिसायला अधिकच सुंदर झाली असेल, पण वाहतुकीची वाट म्हणून ती मेल्यातच जमा होती.

पण १७०५ च्या कायद्याने दिलेली वहिवाट कागदावर शिल्लक होती. वापर नसला की वहिवाट बुडते, हे आपल्याकडे बांधावरून भांडणाऱ्या शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. १९६८ मध्ये काही मंडळींनी ‘रिव्हर स्टूर ट्रस्ट’ स्थापन केला, तो ही वहिवाट राखण्यासाठीच. बहुतेक काम स्वयंसेवकांचं. फ्लॅटफर्डचं लॉक १९७५ मध्ये, डेडमचं १९९० मध्ये आणि ग्रेट कॉर्नार्डचं १९९७ मध्ये पुन्हा चालतं झालं. बुडवलेल्या नावांपैकी एक १९७० च्या दशकात चिखलातून वर काढून दुरुस्त केली. फ्लॅटफर्डला नावा बांधायची गोदी बुजून गेली होती. कॉन्स्टेबलने १८१५ मध्ये तिचं चित्र काढलं होतं, ते ती उकरून पूर्ववत करताना उपयोगी पडलं.

नदीचं कामही सुटलेलं नाही. १९७० च्या दशकापासून नॉर्फकमधलं पाणी बोगद्याने आणि नळांनी आणून स्टूरच्या वरच्या अंगाला सोडतात, आणि खाली ते उचलून इसेक्सच्या जलाशयांत नेतात. पीठ आणि कोळसा गेला, आता या वाटेने नळाचं पाणी जातं.

फ्लॅटफर्डला वल्ह्यांच्या होड्या भाड्याने मिळतात. स्वतःची होडी आणली तर नोंदणी करावी लागते, आणि मग चक्की मागे टाकून डेडमकडे वल्हवत जाता येतं.