यंत्र आलें, पण कारागीर कोठें?

गांवच्या वाचनालयांत संगणक आला म्हणजे नारळ फुटतो, हार घातला जातो, पुढाऱ्यांचीं भाषणें होतात. वर्षा-दोन वर्षांनीं त्याच खोलींत जाऊन पाहावें, तर यंत्रावर फडकें आणि वर जुन्या वर्तमानपत्रांची चवड! ग्रंथपालास पुसावें तर तो म्हणतो, "काय बिघडलें हें कळतें, तर बंद कशाला ठेवला असता?" हा दोष त्या ग्रंथपालाचा नव्हे, हें आम्ही आरंभींच सांगून ठेवितों.

१९६७ च्या कायद्यान्वयें मान्यता मिळालेलीं सार्वजनिक ग्रंथालयें महाराष्ट्रांत अकरा-बारा हजार आहेत. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असून खेड्यापाड्यांतलीं बहुतेक क किंवा ड वर्गांत पडतात. ड वर्गाचें अनुदान २०१२ नंतर कित्येक वर्षें सालीना ३०,००० रुपये होतें. पुढें ६० टक्के वाढ होऊन तें ४८,००० झालें. म्हणजे महिन्यास ४,०००! त्यांतच पुस्तकें, दिवाबत्ती आणि माणसाचा पगार. संगणक घेण्यास राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान ही केंद्राची संस्था साह्य करते. यंत्राला पैसा आहे, यंत्र राखणाऱ्या माणसाला नाहीं. खरी गोम येथें आहे.

आमच्या शेतकरी बंधूंस हें समजावून सांगणें नको. विहिरीवर मोटर बसविण्यापूर्वी ती जळाल्यास भरून देणारा जवळ कोण, हें ते आधीं पाहतात. ऐन पेरणीच्या घातीवर औत मोडलें तर लोहार-सुतार हाताशीं पाहिजे, म्हणून गांवानें त्यांची तजवीज केली होती. ती बलुत्याची लाचारी आम्हांस परत नको. रोख पगाराचा कारागीर पाहिजे.

कोणी शहाणे म्हणतील, हल्लीं ज्याच्या त्याच्या हातीं मोबाईल आहे, संगणक कशाला? ह्या शहाण्यांनीं चार बोटें रुंदीच्या काचेवर नोकरभरतीचा लांबलचक अर्ज भरून दाखवावा! वाचनालयाचें यंत्र बंद पडलें कीं शेतमजुराची मुलगी तालुक्याच्या दुकानीं जाते, एस. टी. चें भाडें देते, दिवसाचा रोज बुडविते आणि अर्जामागें पैसे मोजते. श्रीमंताच्या घरीं यंत्र आहे आणि बिघडल्यास बोलावण्यास माणूसही आहे. बंद संगणक हा गरिबाच्या पोरांवर बसविलेला करच होय.

शिवाय यंत्र जुनें ठरतें तें परदेशच्या कंपनीच्या तारखेनें. विंडोज १० ह्या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. जाणता माणूस असेल तर अशा पुष्कळ यंत्रांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवून तो तीं आणखी कांहीं वर्षें चालवील. माणूस नसेल तर धडकें यंत्रही भंगारांत जाईल.

माणूस आधीं तयार करावा, ही रीत आमच्या राजांनींच घालून दिली आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन साहेबांस बडोद्यास आणिलें आणि ग्रंथालयांबरोबर तीं चालविणारीं माणसेंही तयार करविलीं. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. गांवचें दप्तर एकाच जातीच्या मुठींत राहूं नये, हा त्यांतला हेतु. आज दप्तराच्या जागीं यंत्र आलें आहे. त्याची किल्ली पुन्हा मूठभरांच्या हातीं जाऊं द्यावयाची काय?

आमचें मागणें साधें आहे. दर तालुक्यास निदान एक पगारी कारागीर सरकारनें नेमावा व त्यानें ठरल्या वारीं ग्रंथालयांची फेरी करावी. आयटीआयमध्यें संगणकाचें काम शिकलेलीं शेतकऱ्यांचीं व कारागिरांचीं मुलेंमुली ह्या जागांवर घ्यावींत. शहरांतल्या ठेकेदाराला कंत्राट देऊन हात झटकूं नयेत. बारीकसारीक दुरुस्ती ग्रंथपालास शिकवावी, आणि संगणक देतांनाच दरसालच्या डागडुजीची रक्कम बाजूस काढावी.

वाचकांनींही स्वस्थ बसूं नये. वाचनालयाच्या वार्षिक सभेस जाऊन विचारावें, यंत्र किती दिवस चालू होतें व किती दिवस बंद? आणि पुढारी नव्या संगणकास नारळ घेऊन येतील, तेव्हां त्यांस पुसावें, "हें बिघडलें तर येणार कोण?" उत्तर मिळेपर्यंत नारळ फोडूं देऊं नये.