दोन कोर्टांमधला पोरगा

अमेरिकेत बास्केटबॉलच्या मैदानाला कोर्ट म्हणतात आणि न्यायालयालाही कोर्टच म्हणतात. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या काही काळ्या पोरांच्या वाट्याला ही दोन्ही कोर्टे एकाच वर्षी येतात. एका कोर्टात टाळ्या आणि दुसऱ्यात हातकड्या. असाच एक पोरगा होता ॲलन आयव्हरसन. त्याची गोष्ट आपल्या घरातल्या तरुणांनी आणि त्यांच्या आयांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

आधी ड्राफ्ट म्हणजे काय ते समजून घेऊ, नाहीतर पुढचे कळणार नाही. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या सर्वात मोठ्या संघटनेला एन.बी.ए. म्हणतात. आज तिच्यात 30 संघ आहेत. दरवर्षी साधारण जूनच्या अखेरीस हे संघ नव्या पोरांची निवड करतात, तोच ड्राफ्ट. मागच्या हंगामात जे संघ जास्त हरले त्यांना आधी निवडायची संधी मिळावी म्हणून चिठ्ठ्या काढतात. निवडीच्या दोन फेऱ्या असतात आणि सगळी मिळून साठाच्या आसपास पोरे घेतली जातात. 1995 पासून पहिल्या फेरीतल्या पोरांचा पगार क्रमांकाप्रमाणे ठरलेला असतो आणि त्याची हमी असते. दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही. म्हणजे आपल्याकडच्या भरतीच्या गुणवत्ता यादीसारखेच, पाच-दहा नंबर खाली घसरलात की घराचे गणित बदलते. यादीत नावच आले नाही तर वाट आणखी अवघड होते.

या यादीसाठी संघवाले फक्त उंची आणि उडी मोजत नाहीत. ते पोराच्या शाळेतल्या मास्तरांना भेटतात, प्रशिक्षकांना विचारतात, समोर बसवून मुलाखत घेतात, जुन्या भानगडी खणून काढायला माणसे लावतात. पोलिसांत नाव आले असेल तर मालकाला तीन भीती वाटतात. पोरगा ऐन हंगामात तुरुंगात गेला तर काय? जाहिरातवाले आणि तिकीट काढणारे लोक नाराज झाले तर काय? आणि आज भांडला तो उद्या भांडणार नाही कशावरून? मालक धंदा करायला बसला आहे, त्याला आपण भाबडेपणाने दोष देऊ नये. पण कोणाच्या बाबतीत तो ही भीती गिळतो आणि कोणाच्या बाबतीत गिळत नाही, ते मात्र बघण्यासारखे आहे.

आयव्हरसनचा जन्म 1975 चा, व्हर्जिनिया राज्यातल्या हॅम्प्टन गावचा. आई ॲन त्याच्या जन्माच्या वेळी अवघी पंधरा वर्षांची. घरात कधी वीज तोडलेली, कधी पाणी तोडलेले. पोरगा मात्र अचाट. बेथेल हायस्कूलच्या संघाला त्याने एकाच शालेय वर्षात अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल या दोन्ही खेळांत राज्याचे अजिंक्यपद मिळवून दिले. देशभरच्या कॉलेजांची माणसे त्याच्या दारात येत होती.

14 फेब्रुवारी 1993 ची रात्र. जड गोळा घरंगळत नेऊन समोरच्या खुंट्या पाडायच्या, त्या खेळाला बोलिंग म्हणतात. हॅम्प्टनमधल्या अशाच एका बोलिंगच्या ठिकाणी काळ्या पोरांचा एक घोळका आणि गोऱ्यांचा एक घोळका यांच्यात जुंपली. आपल्याला रंगावरून शिव्या दिल्या असे आयव्हरसनचे म्हणणे. खुर्च्या फेकल्या गेल्या, माणसे जखमी झाली, एका बाईच्या डोक्याला मार बसला. ती खुर्ची आयव्हरसननेच मारली असा आरोप झाला. भांडण पेटताच आपण बाहेर पडलो होतो, असे तो पहिल्यापासून सांगत आला. भांडण दोन्ही बाजूंनी झाले, पण अटक झाली ती चार काळ्या पोरांना. गोरा एकही नाही.

वय सतरा असूनही त्याच्यावर सज्ञान माणसासारखा खटला चालला. कलम लागले जमावाने जायबंदी करण्याचे. हे कलम मुळात काळ्या माणसांना पकडून फासावर लटकवणाऱ्या टोळ्यांना वचक बसावा म्हणून आणलेले होते. दुबळ्याच्या रक्षणासाठी केलेला कायदा दुबळ्यावरच उलटतो हे आपल्याला काही नवीन नाही. शिक्षा झाली पंधरा वर्षांची. त्यातली दहा वर्षे स्थगित, म्हणजे पाच वर्षे तुरुंग.

कॉलेजांची माणसे दारात यायची बंद झाली. हायस्कूलचे शेवटचे वर्ष, ज्या वर्षी पोराला सगळे जग बघते, ते त्याचे तुरुंगात आणि नंतर एका वेगळ्या शाळेत अभ्यास पुरा करण्यात गेले. खेळ बंद. माझ्या मते केसचा खरा मार इथे असतो. निकाल कधीतरी लागतो, कधी सुटकाही होते, पण पोराचे बघितले जाण्याचे वर्ष परत येत नाही. सोळा ते वीस या वयात गेलेला एक हंगाम म्हणजे चाळिशीतल्या माणसाची दहा वर्षे समजा.

मग माणसे उभी राहिली. हॅम्प्टनच्या काळ्या समाजाने चारही पोरांच्या आडनावांची पहिली अक्षरे जोडून 'स्विस' नावाची समिती काढली आणि रस्त्यावर आली. नुसत्या खेळाडूच्या नावाने समिती काढली असती तर गर्दी जास्त जमली असती. त्यांनी चौघांचीही नावे धरली याचे मला मोठे कौतुक वाटते. त्या वेळी व्हर्जिनियाचे राज्यपाल होते डग्लस वाइल्डर, गुलामांचे नातू आणि अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यात निवडून आलेले पहिले काळे राज्यपाल. त्यांची मुदत संपत आली होती. 1993 च्या डिसेंबरअखेर त्यांनी आयव्हरसनला सशर्त दया दिली. चार महिने तुरुंगात काढून पोरगा बाहेर आला. अट अशी की शिक्षण पुरे होईपर्यंत संघातून खेळायचे नाही.

इकडे ॲनबाई जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांच्याकडे गेल्या आणि पोराला पदरात घ्या म्हणून त्यांनी विनवणी केली. थॉम्पसन स्वतः काळे. 1984 साली विद्यापीठांचे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणारे ते पहिले काळे मुख्य प्रशिक्षक, आणि शिस्तीला अत्यंत कडक. त्यांनी त्याला घेतले. हे काही पुण्य म्हणून केले असे कोणी समजू नये, असा खेळाडू कोणाला नको असतो? पण त्या घडीला बाकीच्यांनी दारे लावली होती आणि त्यांनी उघडले, हेही खरे.

1995 साली व्हर्जिनियाच्या अपील न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून त्याची शिक्षा रद्द केली. 26 जून 1996 रोजी ड्राफ्ट झाला. फिलाडेल्फियाचा संघ त्या हंगामात 82 पैकी 64 सामने हरला होता. त्यांनी सगळ्यात पहिले नाव घेतले ते आयव्हरसनचे. सहा फुटांचा पोरगा, त्या खेळात बुटकाच म्हणायचा. त्याच ड्राफ्टमध्ये कोबी ब्रायंटचे नाव तेराव्या क्रमांकावर आले. पुढे 2001 साली आयव्हरसन संपूर्ण संघटनेत सर्वोत्तम खेळाडू ठरला.

तो संत होता असे मी म्हणत नाही. 1997 च्या उन्हाळ्यात, ड्राफ्ट होऊन एक वर्ष झाल्यावर, त्याच्या गाडीत पिस्तूल आणि गांजा सापडला आणि त्याला देखरेखीखाली राहून समाजसेवेची शिक्षा भोगावी लागली. तोपर्यंत तो वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू ठरलेला होता, त्यामुळे नोकरी गेली नाही. हीच भानगड सतराव्या वर्षी झाली असती तर वाइल्डर साहेबांनाही दया देणे जड गेले असते.

आता दुसरी बाजू. 1994 साली न्यूयॉर्कच्या एका शाळेतल्या नामांकित खेळाडूला एका मुलीवरील लैंगिक अत्याचारासाठी अटक झाली आणि पुढे त्याने गुन्हा कबूल केला. तुरुंगवास झाला नाही, पण मोठ्या विद्यापीठाने देऊ केलेली शिष्यवृत्ती काढून घेतली. शेवटी एका लहान विद्यापीठातून तो खेळला आणि पदवीधरही झाला. एन.बी.ए.त मात्र गेला नाही. त्याच्यासाठी आयव्हरसनइतके हळहळणे मला जमत नाही. आपल्या समाजातल्या बाईवर अत्याचार झाला की आपण मोर्चा काढतो. मग आरोपी आपला पोरगा असला की तिचे दुःख लहान होते का?

2023-24 मधले प्रकरण याहून वेगळे. इलिनॉय विद्यापीठाच्या टेरेन्स शॅनन या खेळाडूवर डिसेंबर 2023 मध्ये कॅन्सस राज्यात बलात्काराचा आरोप ठेवला गेला. विद्यापीठाने त्याला संघातून बाजूला केले. तो फेडरल न्यायालयात गेला आणि जानेवारी 2024 मध्ये तात्पुरता आदेश मिळवून परत खेळू लागला. सहा सामने हुकले, हंगाम वाचला. 13 जून 2024 रोजी ज्यूरीने त्याला निर्दोष ठरवले. ड्राफ्ट होता 26 जूनला. पहिल्या फेरीत सत्ताविसाव्या क्रमांकावर मिनेसोटाच्या संघाने त्याला घेतले.

तेरा दिवस! खटला ऑगस्टपर्यंत लांबला असता तर पुरावा तोच, साक्षी त्याच, पण निवडीच्या रात्री तो आरोपी असता. चांगला वकील इथे दिसतो. तो निकालाच्या आधी हंगाम वाचवतो. सतरा वर्षांच्या आयव्हरसनला ते मिळाले नव्हते. त्याच्यासाठी आई, समिती, राज्यपाल आणि प्रशिक्षक असे चार खांब लागले, आणि वर हातात असामान्य कला. त्या रात्री पकडलेल्या बाकीच्या तिघांची नावे कोणत्याच ड्राफ्टच्या यादीत सापडत नाहीत.

काळ्यांच्या लढ्याशी आपला संबंध जुना आहे. बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिले. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती तिथल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आपला ड्राफ्ट म्हणजे पोलीस भरती, रेल्वे, निमलष्करी दल. जानेवारी 2018 च्या महाराष्ट्र बंदनंतर आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी तरुणांवर केसेस पडल्या. मैदानी चाचणीत आणि लेखी परीक्षेत पास झालेल्या पोराच्या छातीत चारित्र्य पडताळणीचा फॉर्म बघून धस्स होते, ते यामुळेच.

म्हणून काही गोष्टी आयाबहिणींनी लक्षात ठेवाव्यात. फॉर्मवर केस लपवू नये. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या 2016 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की माहिती खरी द्यायला हवी. तरुणपणी घोषणा दिल्यासारखी किरकोळ बाब लपवली गेली असली तरी नोकरी देणारा ती माफ करू शकतो. गंभीर केस मात्र खरी सांगितली तरी तो तपासू शकतो, नोकरीची सक्ती त्याच्यावर नाही. निर्दोष सुटका आणि तांत्रिक मुद्द्यावर किंवा संशयाचा फायदा मिळून झालेली सुटका यांत फरक केला जातो, तेव्हा निकालात नेमके काय लिहिले आहे ते वकिलाकडून समजून घ्यावे आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत घरात जपून ठेवावी. अठराच्या आतल्या पोराची केस बाल न्याय मंडळापुढे चालावी यासाठी वयाचा दाखला पहिल्याच दिवशी हजर करावा. त्या कायद्याखाली निकाली निघालेल्या केसमुळे पुढे अपात्रता येत नाही. सोळा ते अठरा वयाच्या पोरावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी सज्ञानासारखा खटला चालला तर मात्र हे संरक्षण मिळेलच असे नाही. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून तारीख चुकवू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, स्त्रियांना, मुलांना आणि कोठडीत असलेल्याला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कोर्टातल्या विधी सेवा कार्यालयात करायचा असतो. जातीच्या दाखल्याची झेरॉक्स सोबत न्यावी.