गोळीरोधक खिडकीचा पदार्थ कोणता?

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या कक्षातून तो पाहिला आणि ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याची वाट सांगितली. समोर पोलादी भिंत असती तर त्यांना काहीच दिसले नसते. अशा जागी गोळी अडविणारी, तरीही पारदर्शक खिडकी हवी.

‘त्यासाठी सर्वांत कठीण पदार्थ कोणता?’ असे विद्यार्थी विचारतात. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. काच कठीण, पण ठिसूळ. पॉलिकार्बोनेट चिवट, पण त्यावर ओरखडे पडतात व अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणून बाहेर काचेचे थर गोळी बोथट करतात. आतील पॉलिकार्बोनेट वाकून उरलेली ऊर्जा शोषते आणि काचेच्या ठिकऱ्या अडविते. मात्र तापमान सारखेच वाढले तरी पॉलिकार्बोनेट काचेच्या सुमारे सातपट प्रसरण पावते. आमच्या म्हसावदच्या वैशाखात ही जोडी उकलू नये, म्हणून मध्ये मऊ पॉलियुरेथेनचा थर हवा.

जाडी किती? ८ ग्रॅमच्या गोळीचा वेग सेकंदाला ३५० मीटर असेल, तर तिची गतिज ऊर्जा ४९० ज्यूल. वेग दुप्पट झाला की १९६० ज्यूल! पण ४ सेंटिमीटर जाडीच्या काचेचे वजन चौरस मीटरला १०० किलोग्रॅम भरते. चौकटीला ते पेलले पाहिजे.

म्हणून शिक्षकांनी ‘सर्वोत्तम पदार्थ’ पाठ करून घेऊ नये. कोणत्या धोक्यासाठी, कोणत्या हवामानात आणि किती वजन पेलून, हे आधी विचारण्याची सवय मुलांना लावावी.