चित्रकलेचा तास आणि चंद्रावरचे खड्डे

आमच्या बीड जिल्ह्यात 'आर्ट्स' हा शब्द निकालासारखा वापरतात. "पोरगं आर्ट्सला गेलं" हे ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात कुणी दवाखान्यात असल्याची बातमी सांगतात. शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो, पण दहावी जवळ आली की तो गणिताच्या सरांकडे जातो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा मात्र पुष्कळ पोरं देतात, कारण त्या ग्रेडचे दहावीला वाढीव गुण मिळतात. थोडक्यात, टक्क्यांत बसली तर कला चालते.

यामागची समजूत अशी, की चंद्रावर जायला गणित लागतं आणि चित्र, गाणं, गोष्टी हा टाइमपास. मी इंजिनिअर आहे, कोड लिहून पोट भरतो, आणि मला ही चक्क अंधश्रद्धा वाटते. सायन्सवाल्यांनी जपलेली अंधश्रद्धा.

1609 साली दोन माणसांनी दुर्बिणीतून चंद्र पाहिला. इंग्लंडमधला थॉमस हॅरियट आधी, इटलीतला गॅलिलिओ काही महिन्यांनी. हॅरियट पट्टीचा गणिती होता. त्याने काढलेल्या चंद्रावर उजेड आणि अंधार यांच्यामध्ये एक वेडीवाकडी रेघ आहे, काही डाग आहेत, बस. गॅलिलिओच्या चित्रांत मात्र डोंगर आहेत, खड्डे आहेत, त्यांच्या सावल्या आहेत. दुर्बिणींत फरक होताच. हॅरियटची सहा पटींची, गॅलिलिओची वीस पटींची. पण सावलीवरून उंची-खोली ओळखायचं काम काच करत नाही. ते डोळ्याला शिकवावं लागतं, आणि गॅलिलिओचा डोळा आणि हात चित्रकलेत तयार झालेला होता. अंधाऱ्या भागात उजळलेले ठिपके ही डोंगरांची टोकं आहेत हे आधी त्याला दिसलं. मग भूमिती वापरून त्याने त्यांची उंची काढली. 1610 मध्ये त्याचं पुस्तक आलं, आणि त्यानंतर हॅरियटच्या चित्रांतही खड्डे दिसू लागले!

आता सांगा, चित्रकलेचा तास गणिताला दिल्याने गणिताचा फायदा झाला की तोटा?

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवलं. विक्रम लँडरवर खड्डे आणि दगड टाळून सुरक्षित जागा शोधण्यासाठी खास कॅमेरा होता. खड्डा कुठे आणि सपाट कुठे, हा प्रश्न 1609 सालचाच.

तुमच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेला तेजोमेघ असेल, तर तोही जरा नीट बघा. ही दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते, जो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. येतात ते आकडे. त्यातून करड्या छटांच्या प्रतिमा बनतात. लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा, असे रंग माणसं ठरवतात. कुठला भाग किती उजळ ठेवायचा तेही माणसंच ठरवतात. हे खोटं रंगकाम नव्हे. पण त्यासाठी विज्ञान जितकं कळावं लागतं, तितकाच रंगही कळावा लागतो.

1977 मध्ये नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. त्यांवर ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब असताना सोन्याचा मुलामा दिलेली एक-एक तबकडी बसवली. पृथ्वीवर कोण राहतं हे कुणाला तरी सांगायचं होतं. त्यात 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरं यान 5 सप्टेंबरला निघालं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज घेऊन निघालेलं ते यान, व्हॉयेजर-1, आज माणसाने बनवलेली सर्वांत दूर पोहोचलेली वस्तू आहे. आपली ओळख सांगायची वेळ आली तेव्हा इंजिनिअरांनी सोबत फक्त सर्किटचा नकाशा दिला नाही.

साहित्यिकांनाही यातून सूट नाही. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये 'नारायण विनायक जगताप' या नावाने मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत गोष्ट पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. खगोलशास्त्रज्ञाला गोष्ट लिहावीशी वाटली. आपले कवी मात्र चंद्राला भाकरीची नाहीतर प्रेयसीची उपमा देऊन मोकळे. आज कुठली तिथी आहे हे त्यांच्यापैकी किती जण वर बघून सांगतील?

"हे पुण्या-मुंबईचे चोचले" असं म्हणणाऱ्यांनी अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी आठवावी. पंचमहाभूतांचं विवेचन, त्यात आकाशही आलं, चारशे वर्षांपूर्वी या माणसाने लांबलचक कापडावर लिहून काढलं. त्यांना रॉकेट माहीत होतं असं मी म्हणत नाही. तसले फॉरवर्ड तुमच्याकडे आधीच असतील. विश्व समजावून सांगायचं तर ते मांडायचं कसं, हेही ठरवावं लागतं, एवढंच माझं म्हणणं.

पोटाचा प्रश्न खरा आहे. दर हंगामात कोयता घेऊन जाणारा बाप पोरीला म्हणाला, "इंजिनिअरच हो," तर त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण पगारवाल्यांशी आहे, ज्यांना हे परवडतं आणि तरीही जे कलेला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणतात.

मागणी लहान आहे. आठवीच्या पोरांना पंधरा दिवस रोज चंद्र काढायला लावा, जसा दिसतो तसा. पेन्सिल, वही आणि अंधार पुरेसा आहे. गावाबाहेर अंधार आपल्याकडे अजून आहे, उसाच्या फडात कोपीबाहेर तर भरपूर. आणि वेळापत्रकात आठवड्याचा जो एक तास आधीच छापलेला आहे, तो चित्रकलेच्या सरांकडेच राहू द्या.