सायलेन्सर जरूर चिरडा, पण पोरांच्या हातातला पाना काढून घेऊ नका

राज्यातल्या कुठल्या ना कुठल्या शहरातून दर थोड्या दिवसांनी एक फोटो येतो. रस्त्यावर बुलेटचे सायलेन्सर ओळीनं मांडलेत आणि वरून रोडरोलर फिरतोय. खाली लोकांच्या टाळ्या. टाळ्या योग्यच आहेत. रात्री बारा वाजता गल्लीतून फटाके फोडत जाणारी गाडी कुणाला हवीय? घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर विचारूच नका.

पण त्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही. तो सायलेन्सर कुणीतरी खोलला होता, बदलला होता, पुन्हा बसवला होता. शोरूममधून आलेली गाडी आहे तशी ठेवायची नाही, आपल्या हातानं तिला वेगळी करायची, ही खाज आहे. सायलेन्सर चिरडला जातो, खाज तशीच राहते. तिचं काय करायचं यावर आपण कधी बोलत नाही. आज बोलू.

आधी कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनानं बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गोष्ट आठवत असेल. भंगारातल्या सामानातून त्यांनी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नाही हेही सांगितलं आणि त्या बदल्यात बोलेरो दिली. शेवट गोड झाला. पण प्रत्येक गल्लीतल्या पोराला बोलेरो मिळणार नाही.

मग वाट काय? माझ्या मते वाट आहे, आणि ती गमतीची आहे. गाडी लहान करा. एकास दहा मापाची. तिथं ना आरटीओ येतो, ना पोलीस.

पोरं रिल्समध्ये ‘लोरायडर’ बघतात. जमिनीला टेकेल इतकी बुटकी केलेली जुनी लांबलचक गाडी. बटण दाबलं की एक चाक वर, दुसरं खाली, कधी पुढचा भाग उड्या मारतो. आपल्याकडे हे काम रस्तेच करतात म्हणा, बटणाची गरज नाही! पण या प्रकाराचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या कामगार वस्त्यांत तो रुजला. १९५८ मध्ये तिथं कायदा झाला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली नको. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे नावाच्या तरुणानं विमानाच्या जुन्या सामानातले हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह गाडीला जोडले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. अनेक वर्षं ही मंडळी गुन्हेगारासारखी हाकलली गेली. शेवटी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानं ती बंदी उठवली, १ जानेवारी २०२४ पासून. कायदा मोडा असं मी म्हणत नाही. ज्याला आपण उनाडपणा म्हणतो त्यात कधी कधी चांगलं इंजिनिअरिंग लपलेलं असतं, एवढंच सांगतोय.

आता हीच गाडी रिमोटवर, दोन हात लांबीच्या टेबलावर बनवायची तर काय लागतं? प्लायवूड किंवा अ‍ॅक्रिलिकची चासी, चार स्प्रिंग, चार चाकांना चार सर्व्हो मोटार, एक आर्डुइनो, बॅटरी आणि रिमोट. सर्व्होची दांडी फिरली की स्प्रिंगचं वरचं टोक खाली दाबलं जातं आणि तो कोपरा उचलला जातो.

ऐकायला सोपं. खरी शाळा पुढं आहे. गाडीचं वजन दोन किलो धरा, म्हणजे एका चाकावर अर्धा किलो. दांडी चार सेंटिमीटरची असेल तर सर्व्होवर दोन किलो-सेंटिमीटरचा भार. बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणारी मेटल गिअरची सर्व्हो साधारण नऊ-दहापर्यंत ओढते. म्हणजे उचलेल. पण उडी मारेल का? उडीला नुसती ताकद पुरत नाही, वेग लागतो. मग दांडी लहान करायची की मोठी? स्प्रिंग कडक की मऊ? पुस्तकात एका ओळीत संपणारा टॉर्क इथं बोटाला कळतो.

चारही सर्व्हो एकदम चालल्या की एकेक दोन-अडीच अँपिअरपर्यंत खेचते. आर्डुइनोवरून वीज दिली असेल तर ते बिचारं मध्येच बंद पडून पुन्हा चालू होतं. पोरगं डोकं खाजवतं, दोन दिवस शोधतं, मग मोटारींना वेगळी वीज देतं. हे शोधणं म्हणजेच शिक्षण.

आणि हे सोलापूरला परकं आहे का? आपली चादर बघा. जकार्डवर ठरलेले हूक ठरलेल्या वेळी उचलले जातात, म्हणून नक्षी उमटते. अक्कलकोट रोड आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत प्रिसिजनचे कॅमशाफ्ट बनतात आणि जगभरच्या इंजिनांत जातात. त्यांचं कामही तेच, फिरता फिरता व्हॉल्व्ह वेळेवर उचलायचा. पूर्व भागातला माग दुरुस्त करणारा जॉबर आवाज ऐकून सांगतो कुठं बिघडलंय. त्याच्या घरातलं पोरगं मात्र पुण्याला डिलिव्हरीच्या नोकरीला जातं. कारण त्या घरातलं ज्ञान हे ज्ञान आहे, असं त्याला कुणी सांगितलंच नाही.

सोयी नाहीत असंही नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. देशात अशा १० हजार लॅब झाल्या, २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. प्रश्न कपाटाच्या किल्लीचा आहे. सामान मोडेल म्हणून कुलूप. अहो, मोडायलाच दिलंय ते!

म्हणून तीन साध्या मागण्या. ज्या शाळांत लॅब आहे तिथं शनिवार-रविवार ती आजूबाजूच्या पोरापोरींनाही उघडी करा. आयटीआयची वर्कशॉप आठवड्यातून दोन संध्याकाळी वापरू द्या, आणि शिकवायला एखाद्या जॉबरला मानधन देऊन सन्मानानं बोलवा. आणि गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानाचा एक कोपरा पोरांनी घरी बनवलेल्या गाड्यांच्या स्पर्धेला द्या. पाळण्यांना जागा मिळते, यालाही मिळेल.

‘खेळणं करून पोट भरतं का?’ हा प्रश्न येणारच. खेळण्यानं नाही भरत. पण बिघाड शोधायची सवय लागलेला हात उपाशी राहत नाही, हे गिरणगावाला मी काय सांगू?

तुमच्या ओळखीच्या शाळेत लॅब असेल तर या आठवड्यात जाऊन एवढंच विचारा, किल्ली कुणाकडं आहे? काय उत्तर मिळालं ते इथं लिहा. पुढचं आपण मिळून बघू.