विद्यापीठांपुरता संगणक

नवे यंत्र तयार झाले की कारखानदार ते बाजारात मांडतो आणि ज्याच्या खिशात पैसे असतील तो ते घेतो. १२ ऑक्टोबर १९८८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जाहीर झालेल्या ‘नेक्स्ट’ संगणकाचे तसे नव्हते. स्टीव्ह जॉब्ज यांच्या कंपनीने तो आरंभी फक्त उच्च शिक्षणसंस्थांनाच विकायचे ठरवले होते.

यामागे एक संभाषण होते. नोबेल पारितोषिक विजेते जीवरसायनशास्त्रज्ञ पॉल बर्ग यांनी १९८५ साली जॉब्जना सांगितले, की जनुकांवरील एकेका प्रयोगाला फार वेळ लागतो. मग असे प्रयोग संगणकावर का करून पाहत नाही, असे जॉब्जनी विचारले. तेवढ्या ताकदीचे संगणक विद्यापीठांना परवडत नाहीत, हे बर्ग यांचे उत्तर. (फुटतील म्हणून परीक्षानळ्या कुलपात ठेवणारी शाळा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते लगेच पटेल.) अर्थात कारण केवळ विद्याप्रेमाचे नव्हते. जॉब्ज ‘अॅपल’मधून बाहेर पडले होते आणि १९८६ साली त्या कंपनीशी झालेल्या समझोत्यातही विक्री विद्यापीठांनाच करण्याची अट होती.

माझ्या मते आधी विद्यापीठांकडे जाण्यात काहीच गैर नव्हते. नव्या यंत्राकडून काय काय करून घेता येईल, हे ते बनवणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते. त्याला नाना प्रश्न घालणारी माणसे जेथे असतील, तेथे ते प्रथम जावे. नेक्स्टमध्ये तर शब्दकोश आणि शेक्सपिअरचे समग्र वाङ्मयही भरून दिलेले होते.

घोडे अडले ते किमतीपाशी. विद्यापीठांची अपेक्षा तीन हजार डॉलरच्या आतबाहेर होती. यंत्र आले ६,५०० डॉलरला. लेसर मुद्रक हवा असेल तर आणखी २,०००. फ्लॉपी तबकडीची सोयच नव्हती. तिच्या जागी २५६ मेगाबाइटची चुंबक-प्रकाशीय तबकडी होती, धीमी आणि सुमारे ५० डॉलरची! मित्राला चार पानांचा निबंध द्यायचा तर एवढी महाग तबकडी कोणता विद्यार्थी हातावेगळी करील? विद्यार्थ्यांच्या नावाने घडवलेले यंत्र असे प्राध्यापकांच्याच खोलीत राहिले. मार्च १९८९ मध्ये दुकानांतून विक्रीचा करार झाला, तोही ९,९९५ डॉलर दराने. १९९३ साली यंत्रे बनवणे थांबले, तोवर सुमारे ५०,००० खपली होती.

पण खपाचा आकडा सगळे सांगत नाही. जिनिव्हाजवळची ‘सर्न’ ही विद्यापीठ नव्हे, संशोधनसंस्था. पण पैसा आणि प्रश्न दोन्ही तिच्याजवळ होते. तेथे १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी नेक्स्टवरच वर्ल्ड वाइड वेबचा पहिला ब्राउझर आणि पहिला सर्व्हर लिहिला. त्या यंत्रावर त्यांनी हाताने लिहून एक चिठ्ठी डकवली होती: हा सर्व्हर आहे, याची वीज बंद करू नका.